पाच अक्षरांच्या पुढचे शब्द

(त्रिपुरारी पौर्णिमेच्या निमित्ताने अंबरनाथ पूर्वेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे सतरंजीवर जागा आहे. लहान मुलं मध्ये बोलली तरी चालेल, त्यांना बाहेर नेऊ नका.

विषयाला थेट हात घालतो. कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एक निरोप यायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो. मजकूर साधारण सारखाच असतो : त्रिपुरारी पौर्णिमेनिमित्त सामूहिक जपाचा संकल्प, मंत्र 'ॐ नमः शिवाय', प्रत्येकाने आपल्या माळांचा आकडा रात्री अमुक वाजेपर्यंत कळवावा. मग दिवसभर आकडे पडत राहतात. कुणाच्या अकरा माळा, कुणाच्या एकवीस. रात्री बेरीज होते, संकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर होतं, हात जोडल्याची चित्रं येतात आणि सकाळी तो ग्रुप पुन्हा पाण्याच्या टँकरवर येतो.

आम्ही इथे याची टिंगल करायला आलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्याही घरात माळ आहे. आज आम्हाला जपाची समीक्षा करायची आहे. समीक्षा हा शब्द आपण नाटकाला वापरतो, कवितेला वापरतो. प्रयोग पाहिल्यावर समीक्षक काय विचारतो? संहिता काय आहे, ती सादर कशी झाली, आणि त्यातून काय घडलं. हेच तीन प्रश्न पौर्णिमेच्या जपाला विचारायचे आहेत. श्रद्धेला धक्का लागेल अशी भीती नको. ज्याच्यावर प्रेम असतं त्याचीच नीट समीक्षा होते, बाकीच्यांना आपण नुसतं 'छान छान' म्हणतो.

आधी मोजणीकडे पाहू, कारण सध्या सगळा भर तिच्यावर आहे.

मोजणी आजची नाही. पुरश्चरण नावाचा विधी जुना आहे. मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप, असा त्याचा सर्वसाधारण नियम. न-म-शि-वा-य ही पाच अक्षरं, म्हणून पाच लाख. माळेत मणी १०८, पण हिशेबात एक माळ शंभराचीच धरतात. वरचे आठ चुकीमाकीसाठी, लक्ष उडालं असेल त्याच्या भरपाईसाठी. म्हणजे पाच लाखांसाठी पाच हजार माळा. एका जपाला दोन सेकंद धरले तर तीनशे तास होतात. रोज एक तास बसलात तर दहा महिने. आता या आकड्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. पाच लाख हा आकडा माणसाला दहा महिने रोज एका जागी बसवण्यासाठी आहे. त्या दहा महिन्यांत आजारपण येणार, पाहुणे येणार, कंटाळा येणार, आणि तरी बसायचं. संख्येचं खरं काम हे आहे. ते आठ मणीही लक्षात ठेवा. माणसाचं मन उडणारच, हे परंपरेनं गृहीत धरलं आणि त्याची सोय केली. किती समजूतदार हिशेब आहे हा!

आता तेच पाच लाख शंभर जणांत वाटून एका दिवसात पुरे केले तर काय होतं? बेरीज तीच येते, पण दहा महिने गेले. आम्ही म्हणू, संकल्प पूर्ण झाला तरी पुरश्चरणातलं जे मोलाचं होतं ते त्यात उरलं नाही. आकडा उरला.

दुसरं उदाहरण समर्थांचं. रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहून तेरा कोटी रामनामाचा जप केला, असं परंपरा सांगते. मंत्र तेरा अक्षरी. साधा भागाकार करून पाहा. बारा वर्षांचे दिवस साधारण चार हजार तीनशे ऐंशी. म्हणजे रोज जवळपास तीस हजार जप. तेरा अक्षरं एका सेकंदात म्हणता आली तरी रोज आठ तासांहून जास्त वेळ लागेल, आणि एका सेकंदात ती नीट म्हणताच येत नाहीत. इथे दोन प्रकारची माणसं उठतात. एक म्हणतो, 'बघा, सगळं खोटं.' दुसरा म्हणतो, 'समर्थ होते ते, शंका घेऊ नका.' आम्हाला दोघांचंही पटत नाही. आकडा कुठून आला ते बघा ना. तेरा अक्षरं, तेरा कोटी. अक्षरामागे एक कोटी. हा वहीत टिपून ठेवलेला हिशेब वाटत नाही. मंत्राचं एकही अक्षर भरायचं राहिलं नाही, असं सांगणारा तो आकडा आहे. तो पूर्णतेचा शब्द आहे. आपण त्याला बेरजेचा शब्द केला, म्हणून घोटाळा झाला.

आणि मोजणीची एक घरगुती बाजू आहे, तिच्यावर अन्याय नको. याच पौर्णिमेला आपल्याकडे साडेसातशे वातींचा त्रिपुर लावतात. लक्ष वाती करतात. बेलाची लाखोली वाहतात. आमच्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या बायका चातुर्मासभर दुपारी कापूस घेऊन बसायच्या. दिवसभर ज्यांच्या वेळेवर दुसऱ्यांचा हक्क, त्यांना 'आता मी माझं काहीतरी करते आहे, मध्ये बोलू नका' असं म्हणायची मुभा त्या वातींनी दिली. त्या संख्येमुळे एका बाईला दिवसातला तासभर स्वतःचा मिळाला. तेव्हा मोजू नका असं आम्ही म्हणणार नाही. मोजणी कशासाठी, एवढंच विचारायचं.

हा प्रश्न खुद्द त्रिपुरारी पौर्णिमेच्या गोष्टीतच आहे, पण आपण ती गोष्ट अर्धीच सांगतो. राक्षसांची तीन शहरं होती, शंकरानं ती जाळली, म्हणून दिवे लावायचे. संपलं. पूर्ण गोष्ट महाभारताच्या कर्णपर्वात आहे, पुराणांतही आहे. तारकासुराचे तीन मुलगे, तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली. या तिघांनी काय केलं? तप केलं. खडतर, दीर्घ, नियमानं. ब्रह्मदेव प्रसन्न झाला. मयासुरानं त्यांना तीन पुरं बांधून दिली. सोन्याचं स्वर्गात, चांदीचं अंतरिक्षात, लोखंडाचं पृथ्वीवर. हजार वर्षांनी एकदा ती तिन्ही एकत्र यायची, आणि त्या क्षणी एकाच बाणानं जो ती भेदेल त्याच्याच हातून त्यांचा शेवट, असा वर.

म्हणजे ज्यांच्या नाशाचा आपण सण करतो, ते साधनेत आपल्यापेक्षा कितीतरी पुढे होते. माळांचा आकडा विचारला असता तर यादीत पहिली तीन नावं त्यांची आली असती. (हशा) हसू नका, गोष्टीचा रोख खरंच तिकडे आहे. कर्णपर्वात ते उन्मत्त होऊन लोकांना छळायला लागतात. शिवपुराणात तर गोष्ट आणखी अवघड आहे. तिथे ते शिवाचे भक्त आहेत, लिंगपूजा करतात, आणि जोवर ते धर्मानं वागतात तोवर शिव त्यांना मारायला तयार नाही. मग विष्णू एक मायावी उपदेशक तयार करून त्यांची बुद्धी फिरवतो. हा उपदेशकाचा भाग आज वाचताना टोचतो, टोचायलाच हवा. त्या काळच्या श्रमण परंपरांवरचा राग त्यात उघड दिसतो. समीक्षा करायची तर हेही सांगितलं पाहिजे. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आधी साठवलेलं तप शेवटी उपयोगी पडलं नाही. आचरण सुटलं, आणि सोन्याचं पूरसुद्धा जळलं.

शिव काय करतो तेही पाहा. पृथ्वीचा रथ, सूर्यचंद्र चाकं, ब्रह्मदेव सारथी, विष्णू बाण. एवढी सिद्धता, आणि सोडायचा एकच बाण. तिन्ही पुरं एका रेषेत येईपर्यंत तो थांबतो. जुन्या लोकांनी तीन पुरांचे नाना अर्थ लावले. कुणी तीन गुण म्हटलं, कुणी तीन देह. आम्ही एक साधा अर्थ सुचवतो. जपातही तीन पुरं असतात, जीभ, मन आणि हात. जीभ मंत्र म्हणते, मन गॅस बंद केला का याचा विचार करतं, आणि हात तिसरंच काही करत असतो. ही तिन्ही एका रेषेत आली तर एक जप पुरतो. नाही आली तर लाखानं काय होणार?

आता सादरीकरणाकडे येऊ, म्हणजे आवाजाकडे.

जपाचे तीन प्रकार आपल्याकडे सांगितले आहेत. वाचिक म्हणजे ऐकू जाईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू येणार नाही असा, आणि मानस. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात यांची प्रतवारी आहे. विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट, उपांशु शंभरपट, मानस हजारपट. मनुस्मृतीतलं सगळं आम्हाला मान्य आहे असा याचा अर्थ नाही, त्यातलं पुष्कळ अजिबात मान्य नाही. पण ज्यांना परंपरेचा आधार हवा असतो त्यांच्यासाठी सांगतो. परंपरेनं मोठ्या आवाजाला सगळ्यांत खालची पायरी दिली आहे. मग मांडवाच्या चारही कोपऱ्यांत कर्णे लावून, ध्वनिमुद्रित मंत्र पहाटेपासून फिरवत ठेवणं याला कुठली पायरी द्यायची? तिथे तर जप करणारं कुणीच नाही. यंत्र म्हणतं, आणि आपण त्या आवाजात मोबाइल बघतो.

इथे कुणीतरी रामानुजाचार्यांचं नाव घेईल, आणि ते बरोबर आहे. गुरूनं गुप्त ठेवायला सांगितलेला अष्टाक्षरी मंत्र त्यांनी तिरुक्कोष्टियूरच्या देवळावर चढून मोठ्यानं सगळ्यांना सांगितला, अशी कथा आहे. गुरू रागावले तेव्हा ते म्हणाले, मी नरकात गेलो तरी चालेल, एवढी माणसं तरतील ना. फार मोठी गोष्ट आहे. पण तिथे आवाज मोठा का झाला? ज्यांना मंत्र ऐकायचीही बंदी होती त्यांच्यापर्यंत तो जावा म्हणून. दार उघडण्यासाठी. आज 'ॐ नमः शिवाय' कुणाला ऐकायला मिळत नाही असं आहे का? तापानं फणफणलेलं मूल, रात्रपाळी करून सकाळी झोपलेला कामगार, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, यांच्या खिडकीतून तो मंत्र घुसवण्यात कुठलं दार उघडतं? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की ध्वनिवर्धक वापरणं हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. सगळ्या धर्मांना ते लागू आहे. पण आम्हाला न्यायालयाच्या आधी उपांशु शब्द आठवतो. ओठ हलावेत, शेजाऱ्याला कळू नये. ही मर्यादा आपल्याच घरातली आहे.

आणि शेजारी म्हणजे कोण, तेही बघा. अंबरनाथपासून रेल्वेनं एक स्टेशन अलीकडे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कार्तिकी पौर्णिमा ही त्यांच्याकडे गुरू नानकांची जयंती. गुरू ग्रंथसाहिबाची सुरुवातच 'जपजी'नं होते. इकडे आपल्याच गावात बौद्ध घरांत पौर्णिमेला वंदना असते. एकाच चंद्राखाली इतके जप चालतात. प्रत्येकानं कर्णा वाढवला तर कुणाचाच ऐकू येणार नाही. प्रत्येकानं आवाज उतरवला तर सगळ्यांचे मावतील.

आता संहिता. ही आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

पुष्कळ जण प्रामाणिकपणे म्हणतात, 'अर्थाचं काय घेऊन बसलात? म्हटलं की मन शांत होतं, पुरे.' होतं, खरंच होतं. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावून श्वास आणि हृदयाची लय मोजली. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि तो शरीराला मानवणारा होता. आता यातून काय निघतं? शांतता लॅटिन प्रार्थनेनंही मिळते आणि तिबेटी लोकांच्या मंत्रानंही. म्हणजे केवळ शांतता हवी असेल तर 'नमः शिवाय'च का? कुठलीही लयबद्ध ओळ चालेल. हा मंत्र हवा असेल तर तो काय म्हणतो, तिकडे बघावंच लागेल.

हा वाद फार जुना आहे बरं का. यास्कांच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्यांचं मत दिलं आहे, की मंत्रांना अर्थ नसतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे मत मांडलं गेलं, आणि ग्रंथकारानं ते लपवलं नाही, सविस्तर नोंदवलं. मग उत्तर दिलं : आंधळ्याला खांब दिसत नाही, हा काही खांबाचा दोष नाही. पुढे जाऊन यास्क म्हणतात की वेद पाठ करून अर्थ न जाणणारा माणूस म्हणजे नुसता भार वाहणारा खुंट. पतंजलींच्या योगसूत्रांतही जपाला अर्थाची भावना जोडूनच सांगितली आहे, वेगळी काढून नाही.

तर, 'नमः शिवाय' हे शब्द येतात कुठून? यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत, चौथ्या कांडात, रुद्राध्यायात. ज्याला आपण रुद्र म्हणतो, अभिषेकाला म्हणतात ते. त्याच्या आठव्या अनुवाकात हे दोन शब्द आहेत. त्यांच्या आधी आणि नंतर काय आहे हे आपल्यातल्या किती जणांनी पाहिलं असेल? हात वर करायला सांगत नाही.

रुद्र म्हणजे नमनांची एक लांबलचक यादी. नमन कुणाला? सुताराला. रथ करणाऱ्याला. कुंभाराला. लोहाराला. बाण करणाऱ्याला, धनुष्य करणाऱ्याला. निषादांना, शिकाऱ्यांना. कुत्र्यांना आणि कुत्रे पाळणाऱ्यांना. आणि ऐकून दचकाल, पण चोरांच्या, दरोडेखोरांच्या नायकालाही. जगात जे जे हात काम करतात, जे जे भीतीदायक आहे, जे जे आपण दूर ठेवतो, त्या सगळ्यांत रुद्र आहे असं तो ऋषी म्हणतो आणि वाकतो. ही यादी ज्या गावात काड्यापेटीचा कारखाना होता, आयुध निर्माणी आहे, एमआयडीसीत तिन्ही पाळ्या चालतात, त्या गावात म्हटली जाते. आठ-आठ तास लेथवर उभा राहणारा माणूस अभिषेकाच्या दिवशी मागच्या रांगेत उभा असतो. आणि त्याच्याच कामाला त्या पाठात नमस्कार आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सांगायला काय हरकत आहे? इथे इतिहासाची एक कडू बाजूही मान्य करू. ज्या पाठात कुंभार-लोहार-निषादांना नमन आहे, तोच पाठ म्हणायचा अधिकार त्यांना शतकानुशतकं दिला गेला नाही. त्यातल्या पाच अक्षरांना मात्र वाट मिळाली. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी पंचाक्षरी बाया-माणसांच्या, चांभार-कोळ्यांच्या ओठांवर ठेवली. मोठ्या दारातून नाही, पण खिडकीतून ती बाहेर आली.

आता 'नमः शिवाय'च्या लगेच पुढे काय आहे ते ऐका. पुढचा शब्द आहे शिवतर. शिव म्हणजे कल्याण, शिवतर म्हणजे त्याहून अधिक कल्याण. आपण जिथे थांबतो तिथे ऋषी थांबलेला नाही. आणि त्यानंतर? तीर्थ्य, कूल्य. तीर्थ म्हणजे नदी ओलांडायचा उतार, घाट. कूल म्हणजे काठ. घाटावर असणाऱ्याला नमन, काठावर असणाऱ्याला नमन. मग अलीकडचा तीर, पलीकडचा तीर. मग फेन्य, फेसात असणारा. सिकत्य, वाळूत असणारा. प्रवाह्य, वाहत्या पाण्यात असणारा. शुक्ल यजुर्वेदाच्या सोळाव्या अध्यायात क्रम थोडा वेगळा आहे, पण शब्द हेच. म्हणजे आपल्या पाच अक्षरांना लागून एक पूर्ण नदी वाहते आहे. आपण पाच अक्षरं उचलली आणि नदी तिथेच सोडली.

आता मंडळी, आपल्या देवळात चला. मनानं चला, लांब नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला तिथला लेख आहे. भूमिज शैली, काळा दगड, भिंतीचा हातभर तुकडाही कोरल्यावाचून सोडलेला नाही. ते दगड कुणी फोडले, कुणी वाहिले, कुणी कोरले? रुद्रातल्या यादीतल्याच माणसांनी. तुम्ही मंडपातून गाभाऱ्याकडे जाता तेव्हा काय होतं? इतर देवळांत चढून जातात, इथे उतरावं लागतं. वीसेक पायऱ्या खाली. वरचं शिखर अपुरं आहे, त्यामुळे गाभाऱ्यात आकाशाचा उजेड पडतो. त्या पायऱ्या उतरताना मोठ्यानं बोलणारा माणूसही आपोआप आवाज खाली आणतो, हे आम्ही कितीदा पाहिलं आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी उपांशु जपासाठी जागा बांधून ठेवली म्हणा ना.

आणि त्या देवळाला लागून वालधुनी वाहते. वाहते म्हणायचं. शिलाहारांनी देऊळ नदीकाठी बांधलं, कारण तीर्थ आणि कूल हे शब्द त्यांना पाठ होते. आज तिथे उभं राहून फेन्य हा शब्द उच्चारून पाहा. फेस दिसेल, पण तो कसला, ते वासावरून कळेल. कारखान्यांचं पाणी, वस्त्यांचं सांडपाणी, आपल्याच पूजेचं निर्माल्य. २०१४ सालच्या अखेरीला उल्हासनगरात याच नदीत रसायन सोडलं गेलं आणि शेकडो माणसांना श्वासाचा त्रास होऊन इस्पितळात जावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. ही काही आमची गुपित माहिती नाही, इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि तरी पौर्णिमेला आपण त्या काठावर येतो, द्रोणात दिवा ठेवतो, पाच अक्षरं म्हणतो, आणि लगेच पुढचे शब्द ज्या नदीचे आहेत तिच्याकडे पाठ करून घरी जातो. माळेचा आकडा कळवतो.

आमची जपावरची खरी टीका एवढीच आहे. जप जास्त झाला किंवा कमी झाला, ही आमची तक्रार नाही. जप अर्ध्या वाक्यात थांबला, ही तक्रार आहे.

कुणी म्हणेल, नदी साफ करणं हे नगरपालिकेचं काम, प्रदूषण मंडळाचं काम, भक्तीचा त्यात काय संबंध? काम त्यांचंच आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेतलंच पाहिजे. पण संबंध आम्ही जोडलेला नाही, संहितेनं जोडला आहे. आणि गोष्टीनंही. त्रिपुरातल्यांचं तप खरं होतं, वर खरे होते, शहरं खरी होती. तिघांचंही चुकलं ते लोकांशी आणि जगाशी वागण्यात. आपल्यालाही सोन्याचं, चांदीचं, लोखंडाचं पुष्कळ मिळालं आहे. टॉवर झाले, गाड्या आल्या. नदी गेली.

वारकरी संतांनी आपल्याला शिकवलं की नामाला काळवेळ लागत नाही, खर्च लागत नाही, मध्यस्थ लागत नाही. फार मोठं काम केलं त्यांनी. पण त्या सवलतीचा अर्थ आपण असा घेतला की नामाला दुसरं काहीच लागत नाही. असं एकाही संतानं म्हटलेलं नाही. ज्याच्या मुखी नाम त्याच्या वागण्यात ते दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह इतका तिखट आहे की त्यापुढे आमची आजची टीका फारच सौम्य म्हणावी लागेल.

मग या पौर्णिमेला करायचं काय? आम्ही उपदेशक नाही, चार गोष्टी सुचवतो. पटल्या तर घ्या.

एक, माळ जरूर करा, पण आकडा कुणाला कळवू नका. तुमचे तुम्हाला ठाऊक असलेले पुरे. दोन, कर्णा बंद ठेवा आणि ध्वनिमुद्रण लावू नका. आपल्या तोंडून एकदा म्हणा. चुकलं तर आठ मणी आहेतच. तीन, ज्यांच्याकडे रुद्र म्हणणारे गुरुजी येतात त्यांनी त्यांना एक विनंती करा : 'आठव्या अनुवाकाचा अर्थ मराठीत सांगाल का?' चांगले गुरुजी आनंदानं सांगतील, त्यांना कुणी विचारत नाही हीच त्यांची खंत असते. आणि चार, दिवा लावून झाल्यावर दहा मिनिटं वालधुनीच्या काठावर उभे राहा. नाकाला रुमाल न लावता. मग पाच अक्षरं म्हणा, आणि या वेळी पुढचे दोन शब्दही म्हणा, तीर्थ्य आणि कूल्य. ते म्हणून झाल्यावर हातातलं निर्माल्य पाण्यात टाकणं जमतं का, ते स्वतःच पाहा. आमचा अनुभव असा की जमत नाही. हात थांबतो. तो थांबला की जीभ, मन आणि हात एका रेषेत आले असं समजा.

वेळ संपली. प्रश्न असतील तर चहा घेता घेता बोलू. आणि आमच्या सांगण्यात पाठाची किंवा अर्थाची चूक कुणाला दिसली असेल तर आधी तीच सांगा, पुढच्या वेळी दुरुस्त करून सांगू.